ओसरीवरून : सागरापार गेलेल्या स्नेह्यांस

या पानावर दर महिन्यास मी वाचकांशीं चार गोष्टी बोलतों. या खेपेस मात्र तें बोलणें दोन विशिष्ट माणसांशीं होणार आहे. आमचे एक जुने स्नेही व त्यांच्या पत्नी परदेशीं आपल्या मुलाकडे जाण्यापूर्वीं चार दिवस आमच्या घरीं राहून गेलीं. त्यांना मागाहून जें पत्र लिहिलें त्याची नक्कल ठेवली होती. ती पुन्हां वाचतांना मनांत आलें कीं, यांतील निम्मा मजकूर तरी आमच्या अनेक वाचकांच्या घरचाच आहे. आज महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांत असें घर विरळा कीं, ज्यांतील किंवा ज्याच्या नात्यांतील एखादें मूल सातासमुद्रांपलीकडे नाहीं. आणि 'आपण तिकडे जावें कीं येथेंच राहावें' हा प्रश्न ज्याच्या वडीलधाऱ्यांपुढें केव्हांना केव्हां उभा राहिलेला नाहीं. म्हणून स्नेह्यांची अनुज्ञा घेऊन व नांवें गाळून तें पत्र जसेंच्या तसें येथें देत आहें.

वाई, आश्विन शुद्ध तृतीया.

प्रिय मित्रवर्य व सौ. वहिनी यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुम्ही उभयतां सुखरूप पोहोंचल्याचें तुमच्या चिरंजीवांनीं त्याच दिवशीं दूरध्वनीवरून कळविलें. त्यामुळें काळजी उरली नाहीं. तरी दूरध्वनीवर जें बोलतां येतें तें फार थोडें. 'पोहोंचलों', 'जेवलों', 'इकडे गारठा आहे', एवढ्यावर गोष्ट संपते, आणि जें सांगावयाचें असतें तें घशांतच राहतें. हल्लीं चेहराहि दिसतो म्हणतात. परंतु चेहरा दिसूं लागला म्हणजे तर माणूस अधिकच सांवरून बोलतो. पत्राचें तसें नसतें. लिहितांना समोरचा माणूस मध्येंच बोलत नाहीं, आणि आपलें वाक्य खोडून पुन्हां लिहिण्याची सोय असते. मला एक वाक्य खोडून पुन्हां लिहावयाचें आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

तत्पूर्वीं इकडच्या दोन बातम्या. पहिली ही कीं, तुमचा लोकरी मफलर आमच्या खुंटीवर राहिला आहे. वहिनींनीं तो पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर चार दुकानें धुंडून खास फिलाडेल्फियाच्या थंडीसाठीं घेतला होता, हें मला पक्कें ठाऊक आहे. कारण त्या खरेदीची कथा मीं तीन वेळां ऐकली. तो आतां वाईच्या उकाड्यांत लोंबत आहे. दुसरी बातमी ही कीं, ताई अजूनहि सकाळीं चार कपांचेंच आधण ठेवते, आणि उरलेल्या दोन कपांबद्दल मलाच बोलते.

तुम्ही आलां तेव्हां पितृपक्ष चालू होता. त्या पंधरवड्यांत कोणी कोणाकडे हौसेनें पाहुणा म्हणून जात नाहीं आणि दूरच्या प्रवासास तर मुळींच निघत नाहीं. ताईनें तें बोलूनहि दाखविलें. त्यावर वहिनी म्हणाल्या, "ताई, विमानाच्या कंपनीला पंचांग कोण दाखविणार?" ताई हंसली आणि तो विषय तेथेंच संपला. परंतु तुम्ही मुद्दाम नवमी साधून आलां होतां, हें माझ्या ध्यानांत दुसऱ्या दिवशीं पहांटे आलें. अविधवा नवमीला वहिनी कोणीं उठविण्यापूर्वींच उठल्या, स्नान करून स्वयंपाकघरांत शिरल्या, आणि आपल्या मैत्रिणीला आवडत म्हणून भोपळ्याचे घारगे स्वतः करूं लागल्या. सवाष्ण म्हणून पानावरहि त्याच बसल्या. जेवतांना त्यांनीं दोघींच्या शाळेंतील गोष्टी काढल्या. त्यांतील दोन तर मला अगदींच नवीन होत्या. पस्तीस वर्षांच्या संसारांत त्या मला कोणीं सांगितल्या नव्हत्या.

गेलीं सहा वर्षें ही तिथि मी गुरुजींच्या हातीं सोंपवीत आलों आहें. ते येतात, विधि यथासांग करतात, दक्षिणा घेऊन जातात. आणि दुपारीं मी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडून राहतों. तिच्याविषयीं मोकळेपणानें बोलणारें माणूस त्या दिवशीं घरांत असणें म्हणजे काय, हें मला या वर्षीं कळलें. तुमचे उपकार मानावे असें आपलें नातें नाहीं. पण नोंद करून ठेवावी असा तो दिवस होता, म्हणून येथें केली.

आतां त्या वाक्याकडे येतों. दशमीस आपण मेणवलीस गेलों. नाना फडणिसांचा वाडा पाहिला, घाटाच्या पायऱ्या उतरलों, आणि देवळाजवळच्या त्या मोठ्या घंटेपाशीं टेकलों. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसई जिंकली तेव्हां फिरंग्यांच्या चर्चांतील ज्या घंटा मराठ्यांच्या हातीं आल्या, त्यांपैकीं ही एक. तशा घंटा पुढें भीमाशंकरासारख्या इतरहि देवस्थानीं टांगल्या गेल्या. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृति अजून दिसते. तुम्ही त्या आकृतीवरून हात फिरवीत होतां, आणि हात न काढतांच म्हणालां, "आम्ही तिकडेच कायम राहिलों तर? पुण्याचें घर विकून टाकावें असें मुलाचें म्हणणें आहे. तुला काय वाटतें?"

मीं क्षणाचाहि विचार न करतां उत्तर दिलें, "मला काय विचारतां? जाणाऱ्यानें जावें. मागें राहणाऱ्याचें मत कोणीं कधीं घेतलें आहे?"

तुम्ही हात काढून घेतला. वहिनी नदीकडे पाहूं लागल्या. परततांना आपण तिघेंहि त्या वर्षीच्या पावसाविषयीं बोलत राहिलों, आणि दुसऱ्या दिवशीं एकादशीला तुम्ही निघालां.

तें वाक्य मला खोडावयाचें आहे. तें खोडतांना त्याचें मूळहि तुमच्यापुढें मांडलें पाहिजे, नाहींतर तें पुन्हां केव्हां तरी उगवेल. माझा राग तुमच्यावर नव्हता. सहा वर्षांपूर्वीं जी गेली तिनें माझें मत विचारलें नव्हतें, आणि तिला तें विचारणें शक्यहि नव्हतें. तो सहा वर्षांचा राग मीं त्या घाटावर तुमच्या अंगावर टाकला. तुम्हीं तर मत विचारलें होतें! वसतिगृहाच्या एका खोलींत आरंभ झालेल्या आपल्या स्नेहाला पन्नास वर्षें झालीं. त्या सबंध काळांत तुम्हीं माझा सल्ला मागावा असे प्रसंग फार थोडे आले. त्यांतला हा सर्वांत मोठा, आणि नेमका त्याच वेळीं मीं तुम्हांला टोमणा मारला. क्षमा असावी.

तुम्ही ज्या शहरीं उतरलां आहां त्याचें नांव निघालें कीं आमच्या घरांत एकच गोष्ट निघत असे, हें वहिनींना सांगावयास नको. त्यांच्या मैत्रिणीनें शाळेंत तीस वर्षें शिकविलें, आणि नेमलेल्या पुस्तकांत धडा असो वा नसो, दर वर्षीं एक तास तिनें आनंदीबाई जोशी यांना दिला. तुम्हीं ती गोष्ट तिच्या तोंडून ऐकलेली आहे. तरी आतां तुम्ही प्रत्यक्ष त्या गांवांत आहां, म्हणून ती पुन्हां आठवून देतों.

त्या गोष्टीचा आरंभ एका पत्रापासून होतो. गोपाळराव जोशी यांनीं पत्नीच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिलें, आणि तें तिकडच्या एका मिशनरी मासिकांत छापलें गेलें. १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येईपर्यंत तें मासिक चाळीत बसल्या होत्या. त्यांनीं तो मजकूर वाचला आणि एका अनोळखी हिंदु मुलीला आपण होऊन पत्र धाडलें. पुढें तीन वर्षें दोघींचा पत्रव्यवहार चालला. एकमेकींचें तोंड न पाहतां त्या मावशी-भाची झाल्या. आगबोटीनें टपाल पोहोंचावयास कित्येक आठवडे लागत. तेवढ्या अवधींत लिहिणारीचें दुखणें बरें होऊन जाई किंवा वाढलेलें असे. तरी त्या लिहीत राहिल्या.

७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई कलकत्त्याहून आगबोटींत चढल्या. त्यांना नुकतींच अठरा वर्षें पुरीं झालीं होतीं. दहा दिवसांचें मूल जाण्याचें दुःख त्यांनीं त्यापूर्वींच भोगलें होतें. पति बरोबर नव्हते. ओळखीच्या मिशनरी स्त्रियांची तेवढी सोबत होती. ४ जून रोजीं त्या न्यूयॉर्कला उतरल्या. तुम्ही जो प्रवास सुमारें सोळा तासांत झोंपून काढला, त्याला त्यांना अठ्ठावन दिवस लागले. निघण्यापूर्वीं त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत श्रीरामपूरच्या कॉलेजांत भरलेल्या सभेपुढें त्यांनीं आपण कां जात आहोंत तें स्वतः सांगितलें, आणि हिंदु म्हणून जाऊन हिंदु म्हणूनच परत येण्याचा निश्चय बोलून दाखविला. सिंधुबंदीच्या त्या काळीं समुद्र ओलांडणें म्हणजे आपल्या माणसांना कायमचें मुकण्याची तयारी ठेवणें होतें.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजांत त्या शिकल्या. तें कॉलेज १८५० सालीं निघालें. आतां तें ड्रेक्सेल विश्वविद्यालयाच्या वैद्यकशाळेंत विलीन झालें आहे, आणि जुने कागद तेथील संग्रहांत जपून ठेवले आहेत. त्यांत १८८५ सालचें एक छायाचित्र आहे. तीन विद्यार्थिनी शेजारीं शेजारीं बसल्या आहेत. मराठी साडींतील आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी, आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघी एकाच आशिया खंडाच्या तीन टोकांहून आलेल्या, आणि तिघींच्याहि अंगावर आपापल्या घरचा पोषाख. तें चित्र आमच्या घरच्या मंडळींनीं एका पुस्तकांतून मोठें करून घेऊन वर्गांत लावलें होतें. मुलींना ती विचारी, "या तिघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, मग त्या काय बोलत असतील?" मुली नाना उत्तरें देत. एका मुलीनें दिलेलें उत्तर तिला फार आवडलें होतें: "बाई, थंडीविषयीं बोलत असतील."

तें उत्तर खरेंहि असावें. तिकडच्या थंडीनें आणि अंगीं न लागणाऱ्या अन्नानें आनंदीबाईंची प्रकृति ढासळली. प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिविद्येवर त्यांनीं प्रबंध लिहिला, आणि ११ मार्च १८८६ रोजीं पदवी घेतली. तो समारंभ पाहण्यास पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकहि झाली. पण वर्षअखेरीस त्या स्वदेशीं आल्या त्या क्षयानें पोखरून आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचा अंत झाला. बाविसावें वर्ष पुरें होण्यास महिनाभर अवकाश होता.

येथपर्यंतची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. पुढील गोष्ट तितकी ठाऊक नसते. गोपाळरावांनीं त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविली, आणि त्या बाईंनीं ती न्यूयॉर्क प्रांतांतील पकीप्सी गांवीं आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेवून वर शिळा उभारली. शिक्षणासाठीं हिंदुस्थान सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा लेख त्या शिळेवर आहे. कल्याणास जन्मलेल्या, पुण्यांत वारलेल्या मुलीचें नांव एका परक्या कुटुंबाच्या नांवांशेजारीं कोरलें गेलें, आणि सव्वाशेंहून अधिक वर्षें तें तेथें आहे.

तुमच्या प्रश्नावर मी ही गोष्ट कां सांगत बसलों, असें तुम्हांस वाटेल. घंटेपाशीं तुम्हीं विचारलें तेव्हां माझ्या मनांत माणसाला एकच घर असतें असें होतें. दुसरें केलें कीं पहिलें मोडलें. नवरात्राचा दिवा लावतांना मला आनंदीबाई आठवल्या, आणि माझा हिशेब चुकल्याचें समजलें. त्यांना पुणें परकें नव्हतें आणि रोझेलहि परकें राहिलें नाहीं. तिकडे मावशी झाली म्हणून इकडची आई पुसली गेली नाहीं. ती घंटासुद्धां पाहा. जवळजवळ तीनशें वर्षें ती कृष्णाकांठीं आहे. तिच्यावरची मेरी कोणीं खरवडून काढली नाहीं, आणि मेरी आहे म्हणून तिचा नाद देवाला चालत नाहीं असेंहि कोणी म्हणाला नाहीं. अर्थात् दृष्टांत पुरता लागत नाहीं. ती घंटा लढाईच्या लुटींत आली. तुम्हांला मुलानें प्रेमानें बोलाविलें आहे.

आतां सल्ला. मागितला होतां, म्हणून देतों. उशीर झाला एवढेंच.

पहिली गोष्ट, घर विकण्याचा निर्णय या सहा महिन्यांत करूं नका. पाहुणा म्हणून तिकडे राहण्याची मुदत बहुधा तेवढीच मिळते, आणि तेवढी पुरेशी आहे. सध्यां तुम्ही ज्या ऋतूंत आहां तो तेथील सर्वांत देखणा. झाडें तांबडीं-पिंवळीं होतात आणि हवेंत नुसता सुखद गारवा असतो. या दिवसांत केलेला निर्णय पाहुण्याचा निर्णय होय. मार्गशीर्ष येऊं द्या. तेव्हां तेथें पांच वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो, अंगणांत बर्फ पडतें, मुलगा व सून कामावरून येईपर्यंत घर अंधारांत असतें, आणि खिडकीबाहेर रस्त्यावर माणूस दिसत नाहीं. अशा दहा संध्याकाळीं तुम्ही दोघें काय करतां, कसलीं स्वप्नें पाहतां, एकमेकांशीं किती बोलतां, तें पाहा. आणि मग वसंत आल्यावर मनाला विचारा. एका थंडीच्या दुःखानें परत येऊं नका, आणि एका शरदाच्या सुखानें घर विकूं नका.

दुसरी गोष्ट वहिनींसाठीं. सुनेचें स्वयंपाकघर सुनेचें असूं द्यावें. तुमचा हात चांगला आहे, म्हणून पहिल्या आठवड्यांत सर्व काम तुमच्याकडे आपसूक येईल, आणि तिसऱ्या महिन्यांत तें कोणाचें यावर दोघींच्याहि मनांत अढी बसेल. नातवाला सांभाळणें हा आनंद आहे. पण दिवसाचे सर्व तास तोच उद्योग झाला तर आनंदाची चाकरी होते. मुलगा हें समजून घेणार नाहीं असें नाहीं. त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. म्हणून प्रथमच सांगावें.

तिसरी गोष्ट तुमच्यासाठीं. पायानें हिंडण्याची संवय सोडूं नका. तिकडे उपनगरांत स्वतःच्या मोटारीवांचून माणूस घरांत कोंडला जातो. तेव्हां बसगाडी कोठें थांबते आणि सार्वजनिक ग्रंथालय कोठें आहे, या दोन गोष्टी पहिल्या पंधरवड्यांत शोधून काढा. ग्रंथालयांत कोणी कोणाला हटकीत नाहीं, ऊब असते, आणि निवृत्त प्राध्यापकाला याहून अधिक काय पाहिजे? छातींत कळ आली, पाय सुजला, तर मुलाच्या खर्चाच्या विचारानें तें लपवूं नका. तेथील औषधोपचार फार महाग आहेत हें खरें. म्हणूनच विम्याचे कागद नीट वाचून हाताशीं ठेवा, आणि दुखणें लहान असतांनाच सांगा.

चौथी गोष्ट नातवाची. उत्तर अमेरिकेंतील मराठी मंडळांना एकत्र आणणारें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालीं स्थापन झालें. तिकडे गांवोगांव मराठी शाळाहि चालतात. त्याला तेथें जरूर पाठवा. परंतु शाळेंतील एका तासानें जें होत नाहीं तें आजीच्या अंथरुणांत निजण्यापूर्वींच्या पावतासानें होतें. त्याचें मराठी चुकलें तर हंसूं नका, आणि त्यानें इंग्रजींत उत्तर दिलें तर रागावूं नका. तुम्ही मराठींत बोलत राहा. त्याच्या कानांत तें राहील. केव्हां उपयोगी पडेल तें आपण पाहावयास असूंच असें नाहीं.

आणि शेवटची गोष्ट. तेथें खरोखर मन रमलें, नातवंडाचें हंसणें ऐकल्याशिवाय सकाळ होईनाशी झाली, तर खुशाल राहा. घर विका किंवा ठेवा, तो व्यवहार आहे. त्याचा विचार कागदपत्रें समोर ठेवून करतां येईल, आणि किल्ली सध्यां माझ्याकडे आहे. परंतु 'वाईला तो एकटा आहे' हें कारण परत येण्यासाठीं पुढें करूं नका. आणि परत यावेंसें वाटलें, तर 'मुलाला वाईट वाटेल' हें कारण राहण्यासाठीं पुढें करूं नका. मागें राहणाऱ्याचें मत तुम्हीं विचारलें होतें; तें हें आहे. घाटावरचें वाक्य खोडून त्या जागीं हें लिहावें.

आतां माझें एक मागणें. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावरून पकीप्सीस आगगाडी जाते. तें त्या मार्गावरचें शेवटचें स्थानक, त्यामुळें चुकण्याचें भय नाहीं. वेळ दोन तासांच्या आंतबाहेर लागतो. जातांना डाव्या बाजूस बसा, म्हणजे हडसन नदी वाटभर सोबत करील. 'पकीप्सी' हा उच्चार आमच्या घरीं कित्येक दिवस घोकला गेला होता, कारण त्या नांवाचीं इंग्रजी अक्षरें पाहून कोणासहि तो साधणार नाहीं. नकाशाच्या पुस्तकांत तें गांव तिनें तांबड्या पेन्सिलीनें दाखवून ठेवलें आहे. सेवानिवृत्तीनंतर जाऊं, असें आम्ही म्हणत होतों. सेवानिवृत्तीनंतर दुखणें आलें.

बर्फ पडण्यापूर्वीं एखाद्या रविवारीं मुलाला घेऊन तेथें जा. फुलें नेलींच पाहिजेत असें नाहीं. वहिनींनीं शिळेपाशीं उभें राहून चार शब्द मराठींत बोलावे, एवढेंच. काय बोलावें तें मी सांगत नाहीं. वहिनींना तें सुचेल. आणि बोलून झाल्यावर आपल्या मैत्रिणीचें नांवहि एकदां मोठ्यानें घ्यावें. ती तेथें जाणार होती, आणि कोणीतरी तिच्या वतीनें गेलें असें मला वाटेल.

मफलर पुढील आठवड्यांत पार्सलानें पाठवितों. तोंपर्यंत मुलाचा वापरा, भीड धरूं नका. ताईचा तुम्हां उभयतांस आशीर्वाद आहे. चि. नातवास माझे अनेक आशीर्वाद सांगावे. चि. सूनबाईंस सांगावें कीं, त्यांनीं पाठविलेला चष्म्याचा डबा मीं वापरावयास काढला आहे. उत्तर दूरध्वनीवर देऊं नये. चार ओळींचें का होईना, पत्र लिहावें.

कळावें, लोभ आहे तो वाढावा ही विनंती.

तुमचा स्नेहांकित.

ता. क. — पत्र मिटतां मिटतां ताईला विचारलें कीं, चार कपांचें आधण आणखी किती दिवस ठेवणार आहेस? ती म्हणाली, "चैत्रापर्यंत ठेवीन. पुढचें तेव्हां पाहूं."